औषधे निकामी कोणी केली?

दरवर्षी १८ ते २४ नोव्हेंबर या काळात प्रतिजैविकांच्या वापराविषयी जनजागृतीचा सप्ताह जगभर पाळला जातो. आपल्याकडेही भित्तिपत्रके लागतात, मंत्रिमहोदयांची भाषणे होतात आणि डॉक्टरांच्या सल्ल्यावाचून प्रतिजैविके घेऊ नका, असा उपदेश नागरिकांना केला जातो. उपदेशात खोटे काही नाही. परंतु त्याच्या आडून जो आरोप केला जातो, तो निमूटपणे मान्य करण्याजोगा नाही. जनता अडाणी आहे, दुकानातून मनाला येईल ती गोळी घेऊन खाते, म्हणून जंतू औषधांना दाद देईनासे झाले, असा तो आरोप आहे. आरोपीच्या पिंजऱ्यात एकदा रोग्याला उभे केले की आणखी कोणाला बोलावण्याची गरजच उरत नाही. औषध कंपन्या, इस्पितळांचे मालक, कारखान्यांचे सांडपाणी नदीत सोडणारे उद्योगपती आणि या सर्वांकडे काणाडोळा करणारे सरकार, अशी सगळी मंडळी मग प्रेक्षकांत बसून राहतात.

प्रश्न किरकोळ नाही. २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या एका जागतिक अभ्यासानुसार २०१९ या एका वर्षात औषधांना न जुमानणाऱ्या जंतूंमुळे जगात १२ लाख ७० हजार माणसे प्रत्यक्ष दगावली. ज्या मृत्यूंशी अशा जंतूंचा कमीअधिक संबंध होता त्यांची संख्या ४९ लाख ५० हजार भरते. भारताच्या वाट्याला यांतील सुमारे २ लाख ९७ हजार प्रत्यक्ष मृत्यू आले. हे आकडे अंदाजाचे आहेत. परंतु ते निम्म्यावर आणले, तरी त्यांची दखल न घेणारे शासन स्वतःला कल्याणकारी म्हणवू शकत नाही.

हे जंतू आले कोठून? जंतूंचा प्रतिरोध नव्याने जन्माला आला, असे मात्र नव्हे. कॅनडातील युकॉन प्रदेशात ३० हजार वर्षे गोठून राहिलेल्या मातीत प्रतिरोधाची जनुके सापडल्याचे २०११ साली दाखवण्यात आले. मातीतील बुरशी आणि जिवाणू एकमेकांविरुद्ध रासायनिक अस्त्रे वापरत आले आहेत आणि त्यांवरील तोडगाही तितकाच जुना आहे. पेनिसिलीन औषध म्हणून बाजारात येण्यापूर्वीच, १९४० साली, अब्राहम आणि चेन या शास्त्रज्ञांनी पेनिसिलीनचा नाश करणारे विकर जिवाणूंत असल्याचे नोंदवले होते. फ्लेमिंग यांनी १९४५ साली नोबेल पारितोषिक स्वीकारताना अपुऱ्या मात्रेच्या धोक्याची सूचना दिली होती. अज्ञानामुळे हे सारे घडले, अशी सबब सांगण्याची सोय तेव्हापासूनच उरलेली नाही.

मातीत विखुरलेली ही जनुके रुग्णालयातील जंतूंत एकवटली कशी, याचा इतिहास उद्‌बोधक आहे. जपानमध्ये दुसऱ्या महायुद्धानंतर आमांशाच्या साथींवर सल्फा औषधांचा, आणि पुढे स्ट्रेप्टोमायसिन, टेट्रासायक्लिन व क्लोरॅम्फेनिकॉल यांचा वापर सुरू झाला. १९५५ च्या सुमारास या चारही औषधांना एकाच वेळी दाद न देणारे आमांशाचे जंतू तेथे सापडू लागले. चार वेगवेगळी दैवयोगाने घडणारी परिवर्तने एकाच जंतूत एकाच वेळी होणे जवळजवळ अशक्य होते. १९५९ साली आकिबा आणि ओचिआई यांनी कोडे उलगडले. आतड्यातील निरुपद्रवी ई. कोलाय जंतू आणि आमांशाचा जंतू एकत्र वाढवले, तर चारही औषधांविरुद्धचा प्रतिरोध एकाकडून दुसऱ्याकडे जातो, असे त्यांनी दाखवले. या देवाणघेवाणीचे साधन म्हणजे प्लाझ्मिड, अर्थात मुख्य गुणसूत्राबाहेर असणारे जनुकांचे छोटे वर्तुळ. जंतू एकमेकांना चिकटतात आणि त्या वर्तुळाची प्रत एकातून दुसऱ्यात जाते. जात वेगळी असली तरी बिघडत नाही. (जातीपातीचे निर्बंध पाळण्यात माणसाइतका काटेकोर प्राणी सृष्टीत दुसरा नाही.)

या इतिहासातील सर्वांत बोलका पुरावा कॅनडातील मरे नावाच्या जंतुशास्त्रज्ञाने १९१७ ते १९५४ या काळात जमवलेल्या जंतूंच्या संग्रहातून मिळाला. हे बहुतांशी प्रतिजैविके प्रचारात येण्यापूर्वीचे जंतू. नेओमी दत्ता आणि त्यांचे सहकारी ह्यूज यांनी १९८३ साली त्यांची तपासणी केली, तेव्हा सुमारे एकचतुर्थांश जंतूंत एकातून दुसऱ्यात जाणारी प्लाझ्मिडे आढळली. परंतु त्या प्लाझ्मिडांवर प्रतिरोधाची जनुके नव्हती. म्हणजे गाड्या पूर्वीपासून रुळांवर धावत होत्या, फक्त रिकाम्या होत्या. त्यांत माल भरला गेला तो प्रतिजैविकांचा व्यापार सुरू झाल्यानंतरच्या काही दशकांत. निसर्गाच्या कालगणनेत एवढा काळ म्हणजे पापणी लवण्याइतकाही नव्हे. तेव्हा जंतूंची उत्क्रांती हा निसर्गाचा नियम आहे, त्याला कोण काय करणार, असे म्हणणाऱ्यांनी या रिकाम्या गाड्यांचे स्मरण ठेवावे. नियम निसर्गाचा असला तरी वेग माणसाच्या अर्थव्यवस्थेने ठरवला.

पुढील घटनाक्रम पाहिला म्हणजे हा वेग ध्यानात येतो. अ‍ॅम्पिसिलीन बाजारात येऊन काही वर्षे झाली न झाली तोच, १९६५ साली, अथेन्समधील एका रुग्णाच्या जंतूंत त्याचा नाश करणारे टेम-१ हे विकर मिळाले. १९७० चे दशक संपण्याआधी त्याचे जनुक मेंदूज्वराच्या आणि परम्याच्या जंतूंपर्यंत पोचले होते. त्यावर उतारा म्हणून सेफॅलोस्पोरिनांची तिसरी पिढी आली. त्या पिढीलाही न जुमानणारे विकर १९८३ साली जर्मनीत नोंदले गेले. भारतात या वर्गातील सीटीएक्स-एम-१५ हे जनुक १९९९ साली नवी दिल्लीत मिळालेल्या जंतूंत प्रथम ओळखले गेले आणि काही वर्षांतच ते जगभर पसरले. मग कार्बापेनेम या राखीव औषधांचा आधार घ्यावा लागला. तो आधारही एनडीएम-१ या जनुकाने काढून घेतला. अखेरचे औषध म्हणून कॉलिस्टिन उरले होते; त्याच्याविरुद्धचे, प्लाझ्मिडावरून प्रवास करणारे जनुक २०१५ साली चीनमधील डुकरांत आणि रुग्णांत आढळले. कॉलिस्टिन हे जनावरांचे वजन वाढवण्यासाठी चाऱ्यात मिसळले जात होते! भारतात या वापरावर बंदी आली ती २०१९ साली.

शिवाय एकाच प्लाझ्मिडावर अनेक औषधांविरुद्धची जनुके शेजारी शेजारी बसलेली असतात. त्यामुळे एका औषधाचा बेसुमार वापर झाला की इतर औषधांविरुद्धचा प्रतिरोधही आपोआप वाढतो. अर्थशास्त्रात ज्याला बाह्य परिणाम म्हणतात, त्याचे याहून स्वच्छ उदाहरण सापडणे कठीण आहे. गोळी विकणाऱ्याचा नफा त्याच दिवशी त्याच्या खात्यावर जमा होतो; गोळीची परिणामकारकता घटल्याने होणारा तोटा मात्र कोणाच्याही हिशेबाच्या वहीत लिहिला जात नाही. तो पुढील रुग्णाच्या अंगावर पडतो, आणि तो रुग्ण बहुधा दुसऱ्या गावचा, दुसऱ्या वर्गाचा आणि पुष्कळदा अजून जन्माला यायचा असतो.

एनडीएम-१ चे प्रकरण तपशिलाने आठवावे लागेल, कारण त्यात आपल्या राज्यकर्त्या वर्गाचे मन उघडे पडले. ऑगस्ट २०१० मध्ये 'लॅन्सेट'च्या संसर्गरोगविषयक नियतकालिकात एक लेख आला. चेन्नई, हरियाणा, ब्रिटन व उपखंडातील इतर ठिकाणच्या जंतूंत हे जनुक आढळल्याचे त्यात नमूद होते, आणि स्वस्त शस्त्रक्रियांसाठी भारतात जाणाऱ्या ब्रिटिश रुग्णांविषयी इशाराही होता. 'एनडी' ही अक्षरे नवी दिल्लीची. दिल्लीत एकच गदारोळ झाला. आरोग्य मंत्रालयाने निषेध केला, संसदेत बहुराष्ट्रीय कंपन्यांच्या कारस्थानाचा संशय व्यक्त झाला, आणि भारताच्या वैद्यकीय पर्यटनाला बदनाम करण्याचा हा डाव असल्याचे सांगण्यात आले. एखाद्या जनुकाला शहराचे नाव देणे अनुचित आहे, ही तक्रार अगदीच निराधार नव्हती. अभ्यासाला मिळालेल्या अर्थसाहाय्यात एका औषध कंपनीचे नाव होते, हेही खरे.

परंतु हे सर्व मान्य केल्यावरही एक गोष्ट शिल्लक राहते. लॅन्सेटचा लेख येण्यापूर्वी पाच महिने, मार्च २०१० मध्ये, मुंबईच्या हिंदुजा रुग्णालयातील संशोधकांनी भारतीय डॉक्टरांच्याच नियतकालिकात हीच बातमी दिली होती. कार्बापेनेमला दाद न देणारे २४ जंतू त्यांनी तपासले. त्यांपैकी २२ जंतूंत एनडीएम-१ होते. त्याच अंकात प्रतिजैविकांच्या मृत्यूवर एक संपादकीयही होते. त्या वेळी मंत्रालय हलले नाही, संसदेत कोणी उठून उभे राहिले नाही. आपल्याच डॉक्टरांनी आपल्याच भाषणमंचावरून दिलेली धोक्याची सूचना कोणाला ऐकू गेली नाही. परदेशी गिऱ्हाईक बिथरेल अशी भीती निर्माण होताच राष्ट्राभिमान जागा झाला. जुने साठवलेले जंतू तपासल्यावर पुढे असेही निष्पन्न झाले, की २००६-०७ सालीच हे जनुक दिल्ली, मुंबई आणि पुणे येथील रुग्णालयांत वावरत होते. २०११ साली दिल्लीत नळाच्या पाण्याच्या ५० नमुन्यांपैकी २ नमुन्यांत आणि रस्त्यावर साचलेल्या पाण्याच्या १७१ नमुन्यांपैकी ५१ नमुन्यांत ते सापडले. त्यावर दिल्लीचे पाणी सुरक्षित असल्याचा निर्वाळा देण्यात आला. म्हणजे बदनामी टाळण्याचा मार्ग गटारे बांधणे हा नसून पुरावा नाकारणे हा होता.

पाण्याचा विषय निघाला आहे, तर हैदराबादजवळच्या पाटनचेरूकडे वळणे प्राप्त आहे. तेथे सुमारे ९० औषधनिर्मिती कारखान्यांचे सांडपाणी एका सामाईक प्रक्रिया केंद्रात येत होते. स्वीडनमधील लार्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रक्रिया करून बाहेर सोडलेले पाणी तपासले आणि २००७ साली निष्कर्ष प्रसिद्ध केला. त्या पाण्यात सिप्रोफ्लॉक्सासिनचे प्रमाण लिटरला ३१ मिलिग्रॅमपर्यंत, म्हणजे औषध घेणाऱ्या माणसाच्या रक्तात असते त्याहून अधिक होते. एका दिवसात वाहून जाणारे औषध सुमारे ४५ किलो भरले. सर्व स्वीडन देशाला तेवढे पाच दिवस पुरले असते. ज्या देशात खोकल्याने बेजार झालेल्या मजुराने दुकानातून दोन गोळ्या घेतल्या तर त्याला अडाणी म्हणून हिणवले जाते, त्या देशात दररोज ४५ किलो औषध नदीनाल्यांना पाजणारे उद्योजक निर्यातवीर म्हणून गौरवले जातात. जानेवारी २०२० मध्ये केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने सांडपाण्यातील प्रतिजैविकांच्या अंशांवर मर्यादा घालणारा मसुदा काढला. ऑगस्ट २०२१ मध्ये अंतिम नियम आले, तेव्हा नेमक्या त्या मर्यादा गायब झाल्या होत्या. या गायब होण्याबद्दल मात्र जनजागृतीचा सप्ताह पाळला जात नाही.

आता अडाणी जनतेच्या आरोपाकडे पुन्हा पाहू. २०१९ सालच्या खाजगी विक्रीच्या आकड्यांवरून झालेल्या एका अभ्यासात असे दिसले, की दर हजार माणसांमागे दररोज प्रतिजैविकांच्या साधारण १०.४ प्रमाण-मात्रा भारतात खपतात. अनेक युरोपीय देशांपेक्षा हे प्रमाण कमी आहे. तरीही प्रतिरोध येथे अधिक! याचे उत्तर अनेक देशांची तुलना करणाऱ्या २०१८ सालच्या एका अभ्यासात मिळते: प्रतिरोधाचे प्रमाण औषधांच्या खपापेक्षा स्वच्छ पाणी, मलनिःसारण आणि शासनव्यवहार यांच्या दर्जाशी अधिक निगडित आढळले. प्लाझ्मिडाला प्रवास करण्यासाठी विष्ठेने दूषित पाणी लागते. शौचालये, गटारे आणि पिण्याच्या पाण्याच्या वाहिन्या ही प्रतिजैविकांच्या रक्षणाची पहिली फळी आहे. परंतु वाहिन्या विकून कमिशन मिळत नाही.

त्याच अभ्यासात खपलेल्या औषधांपैकी सुमारे ४७ टक्के ही केंद्रीय नियंत्रकाची मान्यता नसलेल्या घडणीची निघाली. दोन-दोन प्रतिजैविके एका गोळीत कोंबण्याचा उद्योग तर आपल्या बाजाराचे खास वैशिष्ट्य आहे. २००७ ते २०१२ या काळात विकल्या गेलेल्या अशा ११८ संयुक्त घडणींपैकी ७५ घडणींना मान्यताच नव्हती. एका औषधावर किंमतनियंत्रण असेल, तर त्यात दुसरे मिसळून नियंत्रणाच्या कक्षेबाहेर पळता येते, आणि नवे व्यापारी नाव देऊन तीच गोळी चढ्या दराने विकता येते. येथे सूज्ञ वाचकाला जयसुखलाल हाथी समितीची आठवण होईल. १९७५ साली या समितीने ११७ अत्यावश्यक औषधांची यादी दिली, व्यापारी नावे टप्प्याटप्प्याने रद्द करावीत असे सांगितले आणि सार्वजनिक क्षेत्राला अग्रस्थान देण्याची शिफारस केली. पुढे काय झाले? १९७९ च्या आदेशाने ३४७ औषधांवर किंमतनियंत्रण होते. १९९५ पर्यंत ती संख्या पाऊणशेच्या आसपास आली. व्यापारी नावे तर हजारोंनी वाढली. ज्या समितीचा अहवाल धूळ खात पडला, तिच्या शिफारशी आज जंतुशास्त्रज्ञ वेगळ्या भाषेत पुन्हा मांडत आहेत.

पिंपरीच्या हिंदुस्थान अँटिबायोटिक्सची कहाणी याच मालिकेतली. जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांच्या साहाय्याने १९५४ साली हा सरकारी कारखाना उभा राहिला आणि पुढच्या वर्षापासून तेथे पेनिसिलीन तयार होऊ लागले. बुरशीवरील हमायसिन हे औषध तेथेच शोधले गेले. नंतर आयात खुली झाली, कारखाना आजारी पडू दिला गेला, आणि डिसेंबर २०१६ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने त्याची अतिरिक्त जमीन विकून देणी भागवण्याचा आणि कारखाना विक्रीस काढण्याचा निर्णय घेतला. दरम्यान पेनिसिलीनच्या कच्च्या मालासाठी देश चीनवर अवलंबून राहिला. ते परावलंबन संपवायचे म्हणून २०२० साली सरकारने कच्च्या औषधांच्या उत्पादनासाठी ६,९४० कोटी रुपयांची प्रोत्साहन योजना काढली, ती मुख्यतः खाजगी कंपन्यांसाठी.

बाजार नवी औषधे शोधून काढील, अशी आशा बाळगणाऱ्यांनी अमेरिकेतील अचाओजेन या कंपनीकडे पाहावे. प्रतिरोधक्षम जंतूंवरील तिच्या प्लाझोमायसिन या औषधाला जून २०१८ मध्ये परवानगी मिळाली आणि एप्रिल २०१९ मध्ये कंपनीने दिवाळे काढले. कारण उघड आहे. चांगले प्रतिजैविक जपून वापरावे लागते, आणि जपून वापरायच्या मालावर भांडवल गुंतवणे बाजाराला परवडत नाही. रक्तदाबाची गोळी रोगी जन्मभर घेतो. प्रतिजैविक आठ दिवसांत काम संपवते. २०१६ ते २०१८ या काळात अ‍ॅस्ट्राझेनेका, नोव्हार्टिस आणि सॅनोफी यांनी या संशोधनातून अंग काढून घेतले, ते याच हिशेबाने.

तथापि मालकी बदलली की सर्व काही सुरळीत होईल, असा समज कार्यकर्त्यांनी करून घेऊ नये. दिल्लीतील तीन सार्वजनिक रुग्णालयांत २०११ ते २०१४ या काळात १३,५३० नवजात अर्भकांचा अभ्यास झाला. तेथे रक्तदोषास कारण ठरलेल्या अ‍ॅसिनेटोबॅक्टर जंतूंपैकी ८२ टक्के बहुऔषध-प्रतिरोधक्षम होते. जन्मानंतर अवघ्या काही तासांत किंवा दिवसांत अर्भकाला जंतू मिळतो, तो त्याने दुकानातून घेतलेला नसतो. तो प्रसूतिगृहातून, नळीतून, हातातून येतो. हात धुतल्याने मृत्यू टळतात हे सेमेलवाइस यांनी व्हिएन्नात १८४७ साली दाखवले. पण हात धुण्यासाठी वाहते पाणी लागते आणि दोन रोग्यांच्या मध्ये क्षणभर थांबण्याइतकी परिचारिकेला उसंत लागते. जेथे एका परिचारिकेच्या माथी अख्खा कक्ष मारला जातो आणि सफाई कामगार कंत्राटदाराच्या दयेवर राबतो, तेथे जंतुनियंत्रणाचे फलक भिंतीची शोभा वाढवतात, इतकेच. ऑक्टोबर २०२३ च्या प्रारंभी नांदेडच्या शासकीय रुग्णालयात २४ तासांत २४ रुग्ण दगावल्याचे उघड झाले. त्यांत १२ नवजात बालके होती. त्या मृत्यूंची कारणे एकच एक नव्हती. परंतु त्यानंतर एका खासदाराने अधिष्ठात्यांनाच शौचालय साफ करायला लावले, आणि तेवढ्यावर लोकप्रतिनिधीचे कर्तव्य पार पडले. सफाईच्या रिकाम्या जागा कोणी ठेवल्या, हे विचारण्यापेक्षा छायाचित्र काढून घेणे सोपे असते.

काही शहरी सुधारकांची मागणी असते, की चिठ्ठीवाचून औषधविक्री सक्तीने बंद करावी, मग सारे ठीक होईल. राखीव औषधांपुरते ते योग्यच आहे. १ मार्च २०१४ पासून लागू झालेल्या अनुसूची एच-१ मध्ये २४ प्रतिजैविके घातली गेली. त्यांच्या विक्रीची नोंदवही तपासली जाते का, हे पाहिले पाहिजे. पण ज्या गावात डॉक्टरच नाही, तेथे दुकानाला टाळे लावणे म्हणजे न्यूमोनिया झालेल्या मुलाला मरणाच्या हवाली करणे आहे. दुसऱ्या टोकालाही तीच उपेक्षा दिसते. कार्बापेनेमला न जुमानणाऱ्या जंतूंचा संसर्ग झालेल्या रुग्णांपैकी किती जणांना योग्य औषध मिळाले, याचा २०१९ सालापुरता हिशेब भारतासह आठ देशांसाठी करण्यात आला. तो जेमतेम ७ टक्के निघाला. तेव्हा अतिवापर आणि अनुपलब्धता हे परस्परविरोधी दोष नव्हेत. पैसे मोजणाऱ्याला गरज नसताना औषध मिळते आणि गरज असणाऱ्याला पैशावाचून मिळत नाही, हा बाजाराचा नित्याचा व्यवहार आहे.

परिचारिकांच्या भरतीचा लढा, सफाई कामगारांना कायम करण्याचा लढा आणि औषध कारखान्यांच्या सांडपाण्याविरुद्ध गावकऱ्यांचा लढा यांना आजवर वेगवेगळ्या खात्यांत टाकले गेले. कामगार आघाडीने एक पाहावा, पर्यावरणवाद्यांनी दुसरा, अशी वाटणी झाली. ती मोडली पाहिजे. महाराष्ट्रात खाजगी इस्पितळांना १९४९ चा शुश्रूषागृह नोंदणी कायदा लागू आहे. २०२१ साली त्याच्या नियमांत रुग्णहक्कांची सनद आली. रुग्णालयात दाखल झाल्यानंतर जडलेल्या संसर्गाचे प्रमाण दर तिमाहीस दर्शनी भागात लावण्याची सक्ती त्याच नियमांत घालण्याची मागणी विधिमंडळात आणि बाहेरही रेटता येईल. २०२० च्या मसुद्यातील सांडपाण्याच्या मर्यादा जशाच्या तशा परत आणण्याची मागणी खासदारांकडे नेता येईल. पिंपरीची जमीन हा केवळ पुणे जिल्ह्याचा प्रश्न मानू नये.

आणि तालुक्याच्या पातळीवर काम करणाऱ्या साथींना यासाठी दिल्लीची वाट पाहण्याचे कारण नाही. आपल्या ग्रामीण रुग्णालयात जंतूंची वाढ करून कोणते औषध लागू पडते हे पाहणारी तपासणी होते का. होत नसल्यास नमुना कोणत्या प्रयोगशाळेत पाठवला जातो, अहवाल किती दिवसांनी परत येतो, आणि तोवर रुग्णाला कोणते औषध दिले जाते, एवढे चार प्रश्न माहितीच्या अधिकाराखाली लेखी विचारावेत. उत्तरे आल्यावर ती शेजारच्या तालुक्याच्या उत्तरांशी ताडून जिल्हा परिषदेच्या आरोग्य समितीपुढे ठेवावीत.